उजवा हात जमिनीवर

ऑस्टिन
रविवार, ३० ऑक्टोबर १९८३

कोच,

आज झालं ते असं:

१. रेमंड सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्याकडे आला. शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याच्या फिल्मचा डबा या वेळी तुम्ही बसने न पाठवता त्याच्याच हाती दिला होता. डबा त्याच्या डाव्या काखेत होता.

२. मी पॅनकेक केले. सिरपची बरणी त्याने उजव्या हाताने उचलली. काचेची, भरलेली, साधारण दोन पौंडांची. टेबलापासून चार इंच वर गेली आणि सुटली. फुटली नाही.

३. "हात चिकट होता," तो म्हणाला. तोवर त्याने सिरपला हात लावलेला नव्हता. पुन्हा उचल म्हटल्यावर त्याने ती डाव्या हाताने उचलली.

४. मी माझी दोन बोटं त्याच्या डाव्या मुठीत दिली आणि दाबायला सांगितलं. बोटं दुखली. मग उजव्या मुठीत दिली. ती मी सहज काढून घेतली.

५. तो साडेतीनला निघाला. मी खिडकीतून पाहत होते. ट्रकचा गिअर त्याने डावा हात आडवा नेऊन टाकला.

६. निघताना त्याने हे तुम्हांला न सांगण्याची शपथ घातली. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

हे पत्र डब्यात रिळाखाली ठेवते आहे, कारण माझ्याकडून आलेलं तेवढंच तुम्ही उघडता. फोन मी केला असता, पण सीझनमध्ये तुम्ही रिसीव्हर काढून ठेवता, आणि ठेवला नसता तरी माझा आवाज ऐकून काय केलं असतंत ते मला माहीत आहे.

फिल्म बघून केलेला तक्ता नेहमीप्रमाणे सोबत आहे. आपल्या बासष्ट चाली. त्यांतल्या एकोणचाळीस चालींत क्वार्टरबॅकने चेंडू आधी रेमंडच्या पोटाशी नेला. बावीस वेळा तिथेच सोडला, सतरा वेळा काढून घेऊन बाहेर पळाला. एकोणचाळीसही वेळा रेमंडला पाडलं गेलं. विशबोनमध्ये, तुमच्या त्या हाडाच्या मांडणीत, असंच असतं, हे तुम्हीच मला शिकवलं आहे. फुलबॅककडे चेंडू असो नसो, मार त्याला ठरलेला. त्याच्याकडे चेंडू आहे असं समोरच्यांना वाटलं पाहिजे, तर बाहेरची वाट मोकळी होते.

त्याच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

"किती दिवस आहे हे?"

"काय किती दिवस? हात झोपतो गं जरासा. कुणाचा झोपत नाही? तू पुलांची तपासनीस आहेस ॲगी, माझी नाही."

"कधी झोपतो?"

"उजव्या खांद्यावर जोरात बसलं की. मानेतून बोटांपर्यंत करंट जातो. मग गार. मग जागा होतो."

"किती वेळाने?"

"पहिल्यांदा दहा-पंधरा सेकंदांत व्हायचा."

"आणि आता?"

तो पॅनकेक कापत होता, डाव्या हाताने, काट्याच्या कडेने. "आता हाफटाइमपर्यंत."

मी त्याला विचारलं की डॅडींना का सांगत नाहीस. त्याचं उत्तर तुम्हांला आवडणार नाही. तो म्हणाला, "शुक्रवारी बेल्फर्डशी हरलो तर शाळा मंडळ डॅडींना काढणार. धान्याच्या दुकानात उघड बोलतात लोक. कुबेनाचं ते म्हातारं हाड पुरे झालं म्हणे, चेंडू फेकणारा कोणीतरी आणा. मी नाही खेळलो तर डॅडी संपले. आणि मला अजून चारच दिवस काढायचे आहेत."

मी पाच म्हटलं. तो शुक्रवार मोजत नव्हता.

तर माझं म्हणणं: ४ तारखेला त्याला खेळवू नका. आधी डॉक्टरांनी त्याची मान बघावी. हे झालं नाही तर मला शाळा मंडळाला लिहावं लागेल.

ॲग्नेस कुबेना


ऑस्टिन
सोमवार, ३१ ऑक्टोबर, संध्याकाळ

कोच,

सकाळच्या सहा-चाळीसच्या बसने डबा गेला. नऊपर्यंत तुमच्याकडे राडोव्हला पोचला असणार. चार-दहाच्या बसने काही आलं नाही. डेपोतल्या पार्सलच्या खिडकीवरच्या इनेझबाई मला आता ओळखतात.

"नाही आलं बाई काही," त्या म्हणाल्या. "दर आठवड्याला सिनेमा पाठवतेस त्याला, आणि तो चार ओळी नाही लिहीत? सोडून दे त्याला."

मी सांगितलं की ते माझे वडील आहेत.

"मग तर सोडताच येत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचं पार्सल वजनाला लावलं.

काल मी एक गोष्ट लिहिली नाही. २१ ऑक्टोबरच्या सामन्याच्या माझ्या तक्त्याची कार्बन प्रत आज पुन्हा काढली. शाळेचा कॅमेरा दोन चालींच्या मध्ये बंद करतात, फिल्म वाचवायला, त्यामुळे चाल संपल्यावर मुलं काय करतात ते आपल्याला कधी दिसत नाही. पण त्या दिवशी चौतिसाव्या चालीनंतर कॅमेरा चालूच राहिला होता. तक्त्यात माझ्या हाताने लिहिलं आहे: "११ सेकंद, वाया."

त्या अकरा सेकंदांत हे आहे. रेमंड उठतो. उजवा हात बाजूला लोंबतो. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा सुटलेला आहे. तो एकदा डाव्या हाताने लावून बघतो, जमत नाही. मग डावा हाफबॅक डेल्बर्ट येतो, काही न बोलता त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याचा पट्टा लावून देतो. लहान मुलाच्या कोटाचं बटण लावावं तसा. मग दोघे आपापल्या जागी जातात.

मी ते पाहिलं होतं. पाहून "वाया" लिहिलं.

तुम्हांला पटेल अशा भाषेत सांगते. परवा शनिवारी सकाळी तुम्ही आणि बेल्फर्डचे कोच नेहमीच्या पेट्रोल पंपावर भेटलात आणि एकमेकांचा खेळ अभ्यासायला डबे बदललेत. तुम्ही त्यांना २१ तारखेचाच डबा दिलात. म्हणजे ते अकरा सेकंद आज त्यांच्या भिंतीवर दिसत आहेत. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर काय केलं असतंत? बचावातल्या मधल्या लाइनबॅकरला सांगितलं असतंत: त्या फुलबॅकचा उजवा खांदा. चेंडूचा विचारच करू नको. मी तुमच्या टेबलाशी बसून वाढले आहे, म्हणून मला हे माहीत आहे.

आमच्या ऑफिससमोर हाडांचे एक डॉक्टर बसतात. दुपारच्या सुट्टीत त्यांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, एकदा झालं तर खेळाडू हसण्यावारी नेतात. पुन्हा पुन्हा होत असेल, आणि ताकद परत येत नसेल, तर मानेचे एक्स-रे आणि नसांची तपासणी झाल्याशिवाय त्याने कुणाच्या अंगावर धावून जाता कामा नये. मी विचारलं, गेला तर? ते म्हणाले, "बहुतेक वेळा काही होत नाही." मग म्हणाले, "या 'बहुतेक'वर तुम्ही एखादा पूल उघडा ठेवाल का?" मी काय काम करते ते मी त्यांना आधीच सांगून बसले होते.

तुम्हांला शुक्रवारी फुलबॅकशिवाय खेळता यावं म्हणून एक आराखडा सोबत जोडला आहे. फुलबॅकची जागाच काढून टाकली आहे. दोन्ही बाजूंना टोकाच्या खेळाडूच्या जरा बाहेर, एक यार्ड मागे, एकेक हाफबॅक. मागे सहा यार्डांवर एकटा डेल्बर्ट. मधली धाव जाते, पण दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या धावा राहतात, आणि बेल्फर्डच्या बचावाची टोकं यंदा कमजोर आहेत (त्यांच्या चार सामन्यांचे आकडे मागच्या पानावर). अंतरं फुटांत दिली आहेत. तीन दिवसांत बसवता येईल. नव्या चाली सहाच आहेत, आणि लाइनला काहीच नवं शिकायचं नाही.

हे चालेल की नाही, तेवढं कळवा.

ॲग्नेस कुबेना


ऑस्टिन
मंगळवार, १ नोव्हेंबर, संध्याकाळ

कोच,

चार-दहाच्या बसने आराखडा परत मिळाला. मागच्या बाजूला पेन्सिलने तुमचं अक्षर:

"हाताचं पाचव्या आठवड्यात दुरुस्त केलं. तूच पकडलं होतंस. आराखडा बरा आहे. पुढच्या वर्षी बघू."

सप्टेंबरमध्ये मी काय लिहिलं ते मला आठवतं. त्याबद्दल आत्ता काही म्हणत नाही.

आज दुपारी ऑफिसात मिस्टर पावलिक यांचा फोन आला. मी सांगितलं म्हणून त्यांच्यावर रागावू नका. सहायक म्हणून वीस वर्षं तुमची लाइन सांभाळली त्यांनी, आणि या वीस वर्षांत तुमच्या पाठीमागे केलेला हा त्यांचा बहुधा पहिला फोन असेल. शाळेच्या जिमखान्यातून बोलत होते. मागे चेंडू आपटल्याचा आवाज येत होता.

"ॲगी, पोरी, तुझं चित्र कोचने फळ्यावर टाचलं होतं सकाळी."

"मग?"

"मग काय. हाताची घडी घालून अर्धा तास बघत बसला. मला म्हणाला, पावलिक, चित्र सुरेख आहे. अंतरंसुद्धा बरोबर आहेत. पण यात हाड कुठंय?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मला हाडाशिवाय दुसरं काही येतं का?" ते हसले. "पण खरं सांगू का, एकदा म्हणाला, हिने हे एका संध्याकाळीत काढलं. असं म्हणाला. मी ऐकलं."

हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

मी विचारलं, "मिस्टर पावलिक, डेल्बर्ट रेमंडचा हनुवटीचा पट्टा का लावतो?"

"अगं, तो शकुन आहे पोरांचा! तुला कुणी सांगितलं? दर चालीनंतर लावतो. पाचव्या आठवड्यात सुरू केलं त्यांनी, आणि तेव्हापासून पाचच्या पाच सामने जिंकलो. आता त्याला कोण हात लावणार? मी स्वतः पाच आठवडे शुक्रवारी तेच मोजे घालतोय. बायको म्हणाली, एक तर मोजे व्हरांड्यात झोपतील नाही तर तू."

"रेमंडला स्वतःच्या बोटांनी बक्कल लावता येत नाही," मी म्हटलं, "म्हणून तो लावतो."

मागे चेंडू आपटत राहिला.

"नाही गं," ते म्हणाले. "शकुन आहे तो." आणि मग, "मी डेल्बर्टला विचारलं होतं गं. मी विचारलं, हे काय रे नवीन? तर तो म्हणाला, जिंकतोय ना आपण कोच? मी म्हटलं, जिंकतोय. म्हणजे विषय संपला." मग ते म्हणाले की त्यांना वर्गावर जायचं आहे, आणि फोन ठेवला.

राडोव्हमधल्या कुणाला मी दोष देत नाही. पाच शुक्रवार सगळं गाव ते बघत होतं. दोन हजार माणसं बाकांवर होती. कुणीतरी सांगितलं की पट्टा लावणं शुभ आहे, आणि सगळ्यांना ते पटलं, कारण पटवून घेण्यात सोय होती.

मी मात्र बाकावर नव्हते. मी नव्वद मैलांवर पडद्यासमोर बसले होते, आणि हवी ती चाल हवी तितक्या वेळा मागे नेऊ शकत होते.

उद्या लिहिते.

ॲग्नेस


ऑस्टिन
बुधवार, २ नोव्हेंबर, सकाळ

डॅडी,

ऑगस्टपासून शेवटच्या सामन्यापर्यंत घरातही तुम्हांला कोच म्हणायचं, हा आपल्याकडचा नियम. मी आज तो मोडते आहे. हे पत्र कोचसाठी नाही.

आज मी ऑफिसला गेले नाही. तिथे लागल्यापासून ही माझी पहिली रजा. २६ सप्टेंबरला तुम्हांला पाठवलेल्या टिपणाची कार्बन प्रत समोर आहे. ती मी रविवारीच काढली होती आणि उलटी करून ठेवली होती. तुमच्याकडची प्रत तुम्ही फेकली नसणार, तरी उतरवून देते.

"फुलबॅक साधारणपणे उजवा हात जमिनीवर टेकवून बसतो. २३ सप्टेंबरच्या सामन्यात ५८ चालींपैकी १७ चालींत त्याने डावा हात टेकवला. या १७ पैकी ११ चाली डावीकडे गेल्या. समोरच्या संघाच्या लक्षात आलं तर ते हात बघून दिशा ओळखतील. त्याला प्रत्येक चालीत उजवाच हात टेकवायला लावा आणि बोटांवर पूर्ण वजन द्यायला लावा. सवय लागेपर्यंत सराव घ्या."

तुम्ही सराव घेतलात. रेमंडने रविवारी सांगितलं, मी विचारलं म्हणून. रोज सरावानंतर शंभर वेळा. उजवा हात जमिनीवर, पाठीवर पंचवीस पौंडांची तबकडी, आणि तुम्ही बाजूला उभे राहून त्याची बोटं पांढरी होतात का ते बघत होतात. तो म्हणाला, "पहिल्या वीसनंतर मला कळायचंच नाही हात कुठे आहे ते. खाली बघून टेकवायचो." हे त्याने हसत सांगितलं. ही गोष्ट मी रविवारच्या पत्रातून गाळली. सहा कलमं लिहिली, सातवं हे होतं.

आता आकडे. आज सकाळी त्या सतरा चाली मी तक्त्याच्या कार्बन प्रतीवरून पुन्हा मांडल्या. तेव्हा मी प्रत्येक वेळी बघितलं की डावा हात टेकवल्यावर पुढे काय झालं. चाल डावीकडे गेली की उजवीकडे. सतरापैकी अकरा. एवढ्यावर मी निष्कर्ष काढला. त्याच्या आदल्या चालीत काय झालं होतं, हे मी बघितलंच नाही. आज बघितलं. सतरापैकी सोळा वेळा, आदल्या चालीत तो उजव्या खांद्यावर आदळला होता.

तो कुठलीही दिशा दाखवत नव्हता. त्याला त्या हातावर वजन देता येत नव्हतं, म्हणून तो दुसरा हात टेकवत होता. मी नाही, तुम्ही नाही, कुणीही सांगितलं नसताना त्याचं शरीर स्वतःला वाचवत होतं, आणि मी ते चूक म्हणून कळवलं, आणि दुरुस्ती सुचवली.

कामावर आम्हांला पहिल्या आठवड्यात शिकवतात की भेगेला मुलामा देऊ नका, ती कुठून सुरू झाली ते मागे जाऊन बघा. मी ते लोकांना शिकवते.

तुम्ही मात्र मी सांगितलं तेच अक्षरशः केलंत. तीन वर्षांत माझी एवढी एकच गोष्ट तुम्ही ऐकलीत. पुढच्या आठवड्यात तक्ता परत आला तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलने दोन शब्द होते: "नजर चांगली." तो कोपरा मी कापून ठेवला आहे. त्यानंतरच्या चार आठवड्यांत मी प्रत्येक फिल्ममध्ये सगळ्यांत आधी त्याचा उजवा हात जमिनीवर आहे ना ते बघत होते. असायचा. बघून मला बरं वाटायचं. तसे आणखी दोन शब्द मिळावेत म्हणून मी काय काय शोधत होते, ते तक्त्यांत दिसेल. मैदानावरच्या बावीस जणांचे पाय, टाचा, खांदे सगळं मोजलं. तो लोंबणारा हात माझ्या कामाचा नव्हता, म्हणून वाया.

आईचंही लिहिते, कारण ते मध्ये आहे. १४ नोव्हेंबर १९८०, शुक्रवार. आईला त्या दिवशी पोचवायचं होतं. प्लेऑफचा सामना होता म्हणून तुम्ही शनिवार ठरवलात. चर्चच्या हॉलमध्ये कोलाचीच्या, त्या गोड पावांच्या, ताटांपाशी, सगळ्यांच्या देखत, मी म्हणाले, "आईने वेळापत्रक बघून मरायला हवं होतं." तुम्ही हातातली कॉफी खाली ठेवलीत आणि बाहेर गेलात. तेव्हापासून आपण तक्त्यांतून बोलतो. ते वाक्य बरोबर होतं की चूक, हे मी आज ठरवत नाही. पण तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्हांला फक्त पुढचा शुक्रवार दिसतो, मागे काय पडलं ते दिसत नाही. आणि मी त्या सतरा चालींचं काय केलं ते वर लिहिलं आहे.

शाळा मंडळाला लिहिण्याचं मी मागे घेते. ते रविवारी लिहिलं तेव्हा मला कुणीतरी दोषी हवं होतं, आणि ते तुम्ही असाल तर सोपं होतं. तुम्ही रविवारचं पत्र वाचूनही काही केलं नाहीत, असं मी दोन दिवस म्हणत होते. तुम्ही काय वाचलंत ते मला काल तुमच्या चार वाक्यांवरून कळलं. तुम्ही वाचलंत की ज्या गोष्टीची तक्रार आहे ती हिनेच पकडली होती, तिच्याच सांगण्यावरून आपण ती दुरुस्त केली, आता ही काय म्हणते आहे? ते मी सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तुम्हांला सहा नव्या चाली पाठवल्या.

नोकरीचं मला माहीत नाही. रेमंड म्हणतो तसं ते तुम्हांला काढतीलही. मी त्याला म्हटलं की डॅडींनी १९७१ मध्ये जिल्ह्याची स्पर्धा जिंकली होती, ते असे कसे काढतील? तो म्हणाला, "ॲगी, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो." या बाबतीत माझ्याकडे आकडा नाही. पण तो तुमच्यासाठी हे करतो आहे, आणि तुम्हांला ते माहीत नाही, एवढं मी सांगू शकते. तुम्हांला कळलं तर तुम्ही काय कराल, याबद्दल त्याची खात्री आहे. म्हणूनच त्याने शपथ घातली. म्हणजे तुमच्यावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

आता करायचं ते.

आज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याला विशबोन मांडायला सांगा. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला मांडून दाखवलं होतंत तसं. पुढे मिठाची बाटली, क्वार्टरबॅक. तिच्या बरोबर मागे सिरपची बरणी, फुलबॅक. मग दोन बाजूंना, जरा आणखी मागे, दोन कप. वरून बघितलं तर कोंबडीच्या छातीतलं ते दोन फाट्यांचं हाड. त्याला सांगा की सगळं उजव्या हाताने मांड. मिठाची बाटली तो ठेवील, ती हलकी आहे. कपही बहुतेक ठेवील. बरणीकडे बघा. तोपर्यंत काही बोलू नका, आणि माझं नाव घेऊ नका. घेतलंत तरी चालेल.

त्यानंतर माझ्या या पत्रातलं काही तुम्हांला पटवून द्यावं लागेल असं मला वाटत नाही.

सोबत डॉक्टरांचा फॉर्म आहे. रेमंड सतरा वर्षांचा आहे, त्यामुळे पालकाची सही लागते. शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. शुक्रवारी शाळेत गैरहजर राहिलेल्या मुलाला त्या संध्याकाळी खेळता येत नाही, हा नियम मला माहीत आहे. गुरुवारची वेळही मिळत होती. मी शुक्रवारची घेतली. ही लबाडी ठरू नये म्हणून तुम्हांला आधीच सांगते आहे. सही केलीत तर तुम्ही कशावर सही करता आहात ते तुम्हांला माहीत असावं.

आराखडा पुन्हा जोडला आहे. तुम्ही विचारलंत तसं त्यात हाड नाही. डेल्बर्टला खोल, एकटं उभं करा. तो हलका आहे, १४८ पौंड, पण तो बघतो. इतक्या जणांत एकट्याने बघितलं होतं.

फॉर्म सही करून गुरुवारच्या दुपारच्या बसने पाठवा, किंवा सही करणार नसाल तर तसं लिहून पाठवा. कृपया काही न पाठवता राहू नका. उत्तर गुरुवार, ३ नोव्हेंबर, चार वाजून दहा मिनिटांपर्यंत हवं. मी डेपोत असेन.

ॲगी